अब्बांनी धुतलेल्या रेकॉर्डी

कोल्हापूर,
९ मे १९८२

प्रिय गैबीभाई,

हाफिजाचा सलाम. भाभीला सलाम आणि मुलांना खूप खूप प्यार. बकरी ईदचं तुझं कार्ड मिळालं होतं. नेहमीसारख्या दोनच ओळी, पण अक्षर बघून बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक आहोत. आमचे हे अजून कबनूरलाच, त्याच कारखान्यात मागावर आहेत. मुलांना सुट्टी लागली म्हणून त्यांना घेऊन मी अब्बांकडे आलेय. गडहिंग्लजला ऊन कसं आहे? डेपोत तुला आता हेडमेकॅनिक केलं असं बाळासो ड्रायव्हरकडून कळलं. तू काही कळवलं नाहीस.

पत्र लांबणार आहे. जेवून, निवांत बसून वाच.

घर आहे तसंच आहे. खाली अब्बांचं बायंडिंगचं दुकान, वर आपल्या दोन खोल्या. सध्या फक्त वास बदललाय. जिना चढलं की कुबट भपकारा येतो. भिजलेलं घोंगडं तसंच घडी घालून ठेवलं की येतो ना, तसा. शेजारच्या झुंबरबाईंनी परवा दारातूनच विचारलं, "हाफिजा, घरात उंदीर मेलाय काय गं?"

मी म्हणाले, "न्हाय मावशी, अब्बा गाणी धुवाय लागल्यात."

त्यांना वाटलं थट्टा करतेय. पण खरंच सांगते भाई, तुझ्या मशीनचा आवाज जरा मोठा झाला की जिन्यात उभं राहून खोकणारे आपले अब्बा, गेले तीन आठवडे जुन्या रेकॉर्डी धुतायत.

झालं असं. गगनबावड्याचा जयसिंग म्हणून एक हॉटेलवाला आहे. वडील वारले, त्यांची पुस्तकं बांधून घ्यायला तो दुकानात आला. पुस्तकांना बुरशी आलेली. तिकडचा पाऊस तुला माहीत आहे. अब्बा म्हणाले, "ही पुस्तकं पाण्यात ठेवलीवती काय?" तर तो म्हणाला, "ह्ये काहीच न्हाय चाचा. आमच्या बाबांनी रेकॉर्डींची पेटी घेटलीवती हॉटेलात लावाय. मशीन मोडल्यापास्नं माळ्यावर पडलीया. वासानं बायको घरात घेऊ देत न्हाय." अब्बांनी सहज विचारलं, कसल्या रेकॉर्डी. तो सांगत गेला आणि अब्बांनी हातातला दाभण खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून सकाळच्या एस.टी.नं ते गगनबावड्याला गेले. जयसिंगची सगळी पुस्तकं बांधून द्यायच्या बोलीवर पेटी घेऊन आले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर लाकडी पेटी घेऊन स्टँडवरून चालत आला.

पहिल्यांदा त्यांनी घाई केली. एक रेकॉर्ड साबणानं धुऊन गच्चीवर उन्हात ठेवली. तासाभरात ती पापडासारखी वाकली. ती हातात धरून अब्बा बराच वेळ तिथंच उन्हात उभे होते. मी म्हटलं, "एकच गेली की अब्बा." तर म्हणाले, "एक का हुईना, गेली न्हवं?"

त्यानंतर मात्र त्यांच्यातला बायंडर जागा झाला. रेकॉर्ड नाकाला लावायची, मग तिचं कव्हर नाकाला लावायचं, असं करत त्यांनी निकाल दिला, "वास हिला न्हाय. कागदाला हाय. कागद पाणी पितो." आतले पातळ कागद सगळे जाळून टाकले. पुठ्ठ्याची कव्हरं कोरड्या फडक्यानं पुसून पत्र्याच्या ट्रंकेत उभी केली, तळाला लाकडी कोळसे, मध्ये वाटीत खायचा सोडा. आठ दिवस झाकण उघडू दिलं नाही. जी कव्हरं भुसभुशीत झाली होती त्यांच्या जागी नवीन पुठ्ठा, पाठीला कापड लावून, अगदी जाडजूड वहीसारखी बांधली.

आणि रेकॉर्डी रिठ्याच्या पाण्यात. रिठे उकळायचे, पाणी गार करायचं, मलमलीतून गाळायचं. मधल्या गोल कागदावर स्टीलची वाटी पालथी दाबून धरायची, म्हणजे तो भिजत नाही. मग मलमलीचा बोळा रेघांच्या चालीनं गोल फिरवायचा, आडवा नाही. मग साध्या पाण्यानं धुऊन सावलीत उभी करून वाळवायची. माझी मुलं वारा घालायला बसतात. आधी वाटी धरायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी मी ते सोडलं. अब्बांना सांगितलं, वासानं डोकं दुखतं.

डोकं दुखत नव्हतं भाई. वाटी उचलली की मधल्या कागदावर हिरव्या शाईनं लिहिलेलं दिसायचं, 'गै. बा. मुल्ला'. प्रत्येकीवर.

तुला आता कळलं असेल. तुझ्याच आहेत. एक्केचाळीस होत्या, त्यातल्या चौतीस सापडल्या, एक उन्हात गेली. बारा वर्षं अब्बा भंगारवाल्यांकडे, जुन्या बाजारात, कुठं लग्नाला गेले तर तिथल्या स्पीकरवाल्याकडेसुद्धा हिरव्या शाईची चौकशी करत होते, हे मलाही आत्ता, पुस्तकं न्यायला आलेल्या जयसिंगच्या तोंडून कळलं; अब्बांनी त्याला सांगितलं होतं.

रविवारची सकाळ आठवते? तू रात्रपाळी करून यायचास आणि झोपायच्या आधी एक तरी रेकॉर्ड लावायचास. अम्मा चुलीपुढं बसलेली. तुझ्या पहिल्या पगारातली रेकॉर्ड तू तिच्या हातात दिलीस तेव्हा ती भ्यायली होती, फुटेल म्हणून. तू म्हणालास, "ही नवीन प्लास्टिकची हाय अम्मा, पडली तरी फुटत न्हाय," आणि खरंच जमिनीवर टाकून दाखवलीस. अम्मा किती ओरडली होती! आणि मग तेच गाणं तिनं चार वेळा लावायला लावलं, भाकरी करपली. अम्मा गेल्यावर चाळीस दिवस तू मशीनला हात लावला नाहीस. एक्केचाळिसाव्या दिवशी तेच गाणं लावलंस, तेव्हा अब्बा जिन्यात खोकले नाहीत. माझ्या माहेरच्या आठवणीत एवढा शांत दिवस दुसरा नाही.

आता मी लिहायचं टाळतेय ते लिहिते. सकाळपासून दोन कागद फाडलेत.

त्या रेकॉर्डी अब्बांनी दिल्या नव्हत्या. मी दिल्या.

सत्तर साल, डिसेंबर. मला बघायला कबनूरचे लोक येणार होते. त्याआधी दोन स्थळं परत गेली होती हे तुला आठवत असेल. हे स्थळ आणणाऱ्या नजीराखाला आदल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "ही लोकं लई कडक हायत. घरात गाणं-बजावणं दिसलं तर च्या पिऊन उठून जातील. मग बस अशीच." अम्मा नव्हती. कुणाला विचारू? तू निपाणीला बिघडलेल्या गाडीवर गेलेला, अब्बा दुकानात. गल्लीत भांडीवाली बाई ओरडत आली. मी पेटी खाली नेली आणि तिला दिली. बदल्यात काचेच्या सहा कपबश्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांना चहा त्याच कपांतून दिला.

पेटी लपवून ठेवता आली असती. झुंबरबाईंकडे ठेवता आली असती. हे मला पेटी गेल्यावर सुचलं. बाईला शोधायला पापाच्या तिकटीच्या चौकापर्यंत पळत गेले. ती दिसली नाही.

तू आलास, रिकामी जागा बघितलीस आणि गरजलास, "अम्माची रेकॉर्ड कुणी दिली?" मी चुलीपुढं उभी होते. अब्बांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं, त्या एका नजरेत कळलं असणार. ते म्हणाले, "मी दिली. माझं घर हाय." तू मशीन उचललंस आणि निघून गेलास. लग्नालाही आला नाहीस.

लग्न होईपर्यंत गप्प राहायचं, असं अब्बांनी मला बजावलं. मुलीची स्थळं आधीच दोनदा परत गेलेली, त्यात भावाशी भांडण कळायला नको. लग्न झाल्यावर मी म्हटलं, आता सांगते. तर म्हणाले, "आता त्येला माझा राग आलाया, माझ्यावरच ऱ्हाऊ दे. बापावरचा राग आज ना उद्या जातो. बहिणीवरचा गेला न्हाय तर तुला माहेर ऱ्हाणार न्हाय माझ्यामागं." मी ऐकलं. ऐकणं सोपं होतं म्हणून ऐकलं.

आणि हसू नकोस, किंवा हस. लग्नाच्या चौथ्या दिवशी आमच्या ह्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरात रेकॉर्डचं मशीन हुतं म्हणं? मी त्याच आशेनं आलतो." मागाच्या खडखडाटातसुद्धा गुणगुणणारा माणूस आहे तो. नजीराखालांना कुणी काय सांगितलं होतं, अल्ला जाणे.

आता अब्बांचा बेत असा आहे की सगळं नीट झालं की जयसिंगच्या नावानं एस.टी. पार्सल तुझ्या डेपोवर पाठवायचं. स्वतःचं नाव घालणार नाहीत. बुरशीच्या धुरळ्यानं त्यांना धाप लागते. डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलं, तर नाकाला रुमाल बांधून बसतात. पार्सल जयसिंगच्या नावानं जावं हे मात्र माझ्यानं बघवणार नाही.

तू ये. पेटी न्यायला ये. माझ्याशी बोलायला नको. अब्बांना मी हे पत्र लिहिलं असं सांगू नकोस एवढंच.

तुझी,
हाफिजा


कबनूर,
२९ मे १९८२

प्रिय गैबीभाई,

सलाम. पोचल्याचं कार्ड मिळालं. भाभीनं स्वतः चार ओळी लिहिल्या, त्या मी दोनदा वाचल्या.

रविवारी तू असा न कळवता दारात उभा राहशील असं वाटलं नव्हतं. तुझे केस पिकलेत. अब्बांनी हातातली रेकॉर्ड खाली न ठेवताच "जेवलास काय?" म्हणून विचारलं आणि तू "व्हय" म्हणालास. तू जेवला नव्हतास हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मग तू त्यांच्याशेजारी बसलास, एक रेकॉर्ड नाकाजवळ नेलीस आणि म्हणालास, "वास हाय की अजून." अब्बा म्हणाले, "हाय. जेवढा गेला तेवढा गेला." नंतर तुम्ही दोघं दुपारभर धुवत बसलात. ह्यांनी कबनूरहून मशीन आणलं होतं. अम्माची रेकॉर्ड लागली. चरचर खूप होती, पण गाणं आलं. अब्बा भिंतीकडे तोंड करून बसले होते, तू त्यांच्याकडे बघत होतास. मी दारातून सगळं बघितलं.

तू स्टँडवर गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते. दार लावून अब्बांनी विचारलं, "तू कळवलंस त्येला?"

मी म्हणाले, "व्हय."

ते चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "मी सांगितलंवतं न्हवं? एवढी वर्सं संभाळलं, तू एका कागदात मोडलंस." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलांच्या हातून चहा घेतला. तिसऱ्या दिवशी आम्ही कबनूरला निघालो, तर एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "जाताना त्येनं माझी चप्पल जिन्यात सरळ करून ठेवली. लहान असताना करायचा तसं." एवढंच. मग गाडी हलली. मागं बघितलं तर ते अजून तिथंच उभे होते.

रमजान तुमच्यासोबत गडहिंग्लजला घालवायचा ते म्हणतायत. तू बोलावलंस म्हणे. धाप आहे, वळणावळणाचा रस्ता आहे, खिडकीची जागा मिळेल असं बघ.

भाई, तू दिवसभरात माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी चहा दिला, तू घेतलास, वर बघितलं नाहीस. माझ्या मुलांना जवळ घेतलंस, निघताना त्यांच्या हातात खाऊ ठेवलास, ह्यांना मिठी मारलीस. मला वाटलं जिन्यात तरी थांबशील. थांबला नाहीस.

मी तक्रार करत नाही. अब्बांनी बारा वर्षं जे माझ्याऐवजी घेतलं ते माझंच होतं. आता ते माझ्याकडे आलंय, आणि ते मी घेईन. तुला जेवढे दिवस लागतील तेवढे लाव. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पत्र टाकत जाईन, तू न फोडता ठेवलंस तरी चालेल.

भाभीला सलाम. अब्बांना तिखट कमी.

जिला तू अजून बहीण म्हणावंस अशी,
हाफिजा