खिशातला हात

रविवार, सेक्टर 2

आमच्या यांच्या हाताला कंप आहे, पार्किन्सन्सचा. त्याच्या अभ्यासासाठी यांना जिलबीसारखी गोल रेघ काढून पाठवायची होती. नोकरी ड्रॉइंग ऑफिसातली, नीट रेघेची सवय. दुसऱ्या हातानं मनगट धरून साफ काढली. मी म्हटलं, "अहो, असं कावून? कापरी रेघच पायजे त्याईले. साऱ्या देशांचे डॉक्टर पाहतीन, त्याईच्यासाठी खुली ठेवणार हायेत."

"माहं नाव दिसन?"

"नाई. फक्त रेघ."

मग मनगट सोडून दुसरी काढली. वेडीवाकडी. तीच पाठवली.

एरवी सिविक सेंटरच्या बाजारात तो हात खिशात असतो, ओळखीचं कोणी पाहील म्हणून. आज भाजी घेताना बाहेर होता. मी नुसतं पाहिलं, तर म्हणाले, "आता साऱ्या जगाले दाखवला. सिविक सेंटरचं काय घेऊन बसली?"