अंगणातली तुमची ती

प्रिय अहो,

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. माहेरी गेले की तुमचंच कार्ड यायचं, "पोचलीस ना? इकडे सर्व खुशाल." दोन ओळी, की संपलं. आज मी लिहायला बसलेय, कारण माझ्या हातून एक पाप झालंय आणि ते देवाला सांगून भागत नाहीये. सकाळपासून तीनदा सांगून पाहिलं. सहस्रनाम म्हणताना मध्येच जीभ अडखळते. पण देवाला त्या गाडीतलं काय कळतंय? हे तुम्हालाच सांगायला हवं.

हो, गाडीच. दुसऱ्या कशावरून आपलं कधी वाजलं होतं?

आपली सुधा सातवीत होती. तुम्ही ती गाडी ट्रॉलीरिक्षात घालून बरकतपुऱ्याच्या आपल्या अंगणात आणलीत. पाटणचेरूकडे कामाला असलेला कुणी परदेशी साहेब देश सोडताना मागे टाकून गेला होता. जर्मन मोटारसायकल. चारशे नव्वद सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक. हे सगळं मला पाठ झालं ते तुमच्याच तोंडून. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर नाही. तुम्ही म्हणालात, "ही खडकांत न् चिखलात पळवायची गाडी असते गं. अख्ख्या देशात अशा चार असतील-नसतील." मी विचारलं, "हिच्यावर भाजी आणता येईल का?" तेव्हा माझ्याकडे असं पाहिलंत, जशी काही मी चपला घालून देव्हाऱ्यात शिरले होते!

शेजारच्या वरलक्ष्मी म्हणायच्या, "तुम्ही नशीबवान. आमचे हे पत्त्यांत बसतात, तुमचे निदान घरच्या अंगणात तरी असतात." मी हसून मान हलवायची. एका लोखंडाच्या सांगाड्याचा मला हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार? सवत काय माणसांतलीच असावी लागते?

तुम्ही तिला गोणपाटावर नाही, माझ्या जुन्या नऊवारीवर उभी करायचात, "सुती असते, ऑइल छान टिपते" म्हणून. तुमच्या त्या एरंडेलाच्या ऑइलचे रिकामे डबे मी राखेने घासून घासून डाळी भरायला घेतले. टाकवत नव्हते ना! अजून तुरीच्या डाळीला तिचाच वास येतो. म्हणजे माझ्या वरणातसुद्धा तीच.

पुढे बाजार खुला झाला. लोकांच्या घरी रंगीत टीव्ही आले, परदेशी साबण आले. आपल्याकडे काय आलं? इंग्लंडहून पिस्टनच्या रिंगा. त्यासाठी चिक्कडपल्लीच्या आयएसडी बूथमध्ये तुम्ही सात मिनिटं बोललात. मी भाजीची पिशवी घेऊन काचेबाहेर उभी. आवाज येत नव्हता, पण तुमचे हात नाचत होते, चेहरा उजळला होता, मध्येच तुम्ही खदखदून हसलात. या माणसाला इतकं बोलता येतं? मग घरी कुठे जातं हे सगळं? तुम्ही बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. पाठवतो म्हणाले."

काही नाही! सात मिनिटं काही नाही!

आणि रविवार तर सत्तारभाईंचे. नामपल्लीतल्या त्यांच्या लेथवर तुम्ही दोघं सकाळी बसलात की दुपारचं जेवण झाकूनच ठेवावं लागे. तिचा तो पोटुशी बाईसारखा फुगलेला सायलेन्सर तुम्ही दोघांनी पत्रा ठोकून घडवला. इंजिनाचं हेड त्यांनी लेथवर वहीच्या पानाच्या जाडीइतकं तासलं आणि तुम्ही असे घरी आलात, जसा नातू झाला! त्या दिवसापासून ती उलटी लाथ मारू लागली. किक मारताना तुमची पोटरी काळीनिळी व्हायची. हळद-तेल कोण चोळायचं? लाथ तिने मारायची, शेक मी द्यायचा.

पण सत्तारभाईंवर माझा खरा राग कशाचा आहे, माहीत आहे? तुमच्या तेराव्याला ते दारात बसून रडत होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "भाभी, छे महिने से साहब के सीने में दर्द था. मैं रोज बोलता था, डाक्टर कू दिखाओ. नक्को बोलते थे."

सहा महिने! त्यांना ठाऊक, आणि मला नाही? मी तुमच्या शेजारी निजत होते हो. पाण्याचा तांब्या माझ्या हातून पडला. त्यांना वाटलं, दुःखाने पडला.

आता झालेलं सांगते. मंगळवारी प्रसादगारू आले. तेच ग्रॅनाइटवाले, गाडी विकत मागणारे, ज्यांना तुम्ही तीनदा चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलंत. सुधाचा नांदेडहून एकच धोशा होता, "आई, ती गाडी विकून टाक, अंगण मोकळं कर." मीही हो म्हटलं. अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता! गाडी दाखवायला सत्तारभाईंना बोलावून घेतलं.

प्रसादगारू म्हणाले, "अम्मा, चालती गाडी होना मेरेकू. खराब नक्को." मग त्यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. सत्तारभाईंनी चोक ओढून पाहिला, प्लग काढून पुसला, फुंकला, मग त्यांनी मारली. तिने असा उलटा हिसका दिला की सत्तारभाई तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. वीस-पंचवीस लाथा झाल्या असतील. ती ढिम्म.

आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला ठाऊक होतं.

तुम्ही तिला कुणाला पाय लावू दिला नाहीत, सत्तारभाईंनाही नाही. दर रविवारी सकाळी, लेथवर जाण्याआधी, तुम्ही अंगणात आणि मी खिडकीआड पोळ्या लाटत. मी कधी डोकावले नाही. मानी आहे मी. पण कान कुठे ठेवू? आधी पेट्रोलचा कॉक उघडल्याची टिकटिक. मग चाकाची करकर, म्हणजे तुम्ही तिला डावीकडे कलंडवताय, पार कुशीत घ्यावं तशी. मग फरशीवर पेट्रोलचे थेंब, टप, टप. चार थेंब पडेपर्यंत तुम्ही तिला तशीच धरून ठेवायचात. मग सरळ उभी. मग किक हळूच खाली, ती अडेपर्यंत. अडली की केसभर पुढे. मग एक श्वास. मग एकच दणका! आणि भांडी थरथरायची.

तिच्या डाव्या अंगाला पडलेला थेंबांचा डाग मी दर सोमवारी सोड्याने घासत आले. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

चार शब्द बोलले असते तर ती सुरू झाली असती. मी बोलले नाही. प्रसादगारू हात पुसत म्हणाले, "इंजन गया अम्मा," आणि गेले. सत्तारभाई कट्ट्यावरच बसून राहिले. "मेरेच हाथ की खोट है भाभी. हेड ज्यादा छील दिया मैं. साहब की निशानी मैं मार दिया."

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. छातीतलं दुखणं तुम्ही त्यांना सांगितलंत, पण हे नाही सांगितलंत. हे मलाच माहीत. तुम्ही दिलं नाहीत, मी भिंतीआडून घेतलं, पण आहे ते माझ्याजवळ! दोन दिवस मी त्या आनंदात होते. देवापुढे फुलं वाहतानासुद्धा हसू येत होतं. किती वाईट बाई आहे मी!

आज सकाळी सत्तारभाई पुन्हा आले. दाढी वाढलेली, हातात हत्यारांची थैली. म्हणाले, "कल पूरा इंजन खोलतूं भाभी. एक एक नट खोल के देखतूं. वो चालू नहीं हुई तो मेरेकू नींद नहीं आती." थैली अंगणात ठेवून गेले.

तेव्हा मी तिच्याजवळ गेले. पहिल्यांदाच, अहो. तुम्ही शेवटचे आवळलेले नट अजून तसेच आहेत. एकावर तुमच्या बोटाचा तेलकट ठसासुद्धा आहे. उद्या ते सगळे सुटतील, आणि कारण मी. मी गप्प राहिले म्हणून तुमचा हात तिच्यावरून पुसला जाणार. आणि तो भला माणूस स्वतःला खुनी समजत जगणार.

का हो असं केलंत? एकदा तरी हाक मारायचीत, "मंदा, ये, बघ कसं करतात." मी पिठाच्या हातांनी आले असते. भाजी आणता येईल का म्हणून विचारलं, त्याचा इतका राग धरायचा?

तर ऐका. उद्या सत्तारभाईंनी पाना हातात घेण्याआधी मी अंगणात जाईन आणि त्यांना सगळं सांगेन. कॉक, कलंडवणं, चार थेंब, अडणं, केसभर पुढे. एकही पायरी गाळणार नाही. मंगळवारी मी गप्प का राहिले तेही सांगेन आणि माफी मागेन. ती सुरू झाली की त्यांनी तिला घेऊन जावं. प्रसादगारूंना निरोप धाडणार नाही. तुम्ही असता तर हेच केलं असतंत, आणि तेही मला न विचारता.

फक्त त्यांना आधी चहा देईन, आणि तो पिऊन होईपर्यंत काही बोलणार नाही. तेवढा वेळ तुमचं एक काहीतरी माझं एकटीचं राहू दे.

तुमचीच,
मंदा