उचलली की चालू होणारी पेटी

अहो,

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पण फोनजवळ नुसतं बसवत नाही, हातांना काहीतरी काम हवं. अक्षर बघताय ना, कसं वाकडंतिकडं आलंय? ड्रॉइंग मास्तरांच्या बायकोचं अक्षर असं, म्हणून हसू नका. आज हसायचं नाही.

तुमची ती पेटी मंजूबरोबर गेली. एस.टी.त. मुंबईला!

कुठली, ते विचारू नका. तुम्हाला बरोबर कळलंय. हिवाळ्यात तुम्ही ती गुपचूप आंबे पिकवायच्या अढीच्या खोलीत नेऊन, रिकाम्या पेट्यांच्या रांगेत लावून ठेवलीत आणि मला म्हणालात, "बघू, मोसमात तुला खऱ्या पेट्यांतून ही ओळखता येते का!" मी म्हटलं, "न ओळखायला मी काय घाटावरची आहे?" मग झाडांना मोहोर आला आणि तुम्ही गेलात. त्यानंतर ती पेटी माझ्या डोक्यातून पार निघून गेली. इतकी माणसं येत होती, इतकं काय काय होतं, कसली आठवण राहणार?

मंजू चार दिवस राहून आज सकाळी सासरी निघाली. रेल्वे झाली म्हणून सगळे कौतुक करतात, पण आंब्याच्या दिवसांत तिकीट कुणाला मिळतं? म्हणून एस.टी. पहिली पेटी व्याह्यांना द्यायची हा तुमचाच शिरस्ता, तो यंदा मोडू नये असं मला वाटलं. रिक्षा दारात हॉर्न मारत होती. मंजू अढीच्या खोलीतून ओरडली, "आई, हीच ना गो?" मी स्वयंपाकघरातून तिच्या डब्याला झाकण लावता लावता म्हटलं, "हो हो, तीच." बघायलासुद्धा गेले नाही.

ती गेल्यावर आंबे फिरवायला खोलीत गेले, तर व्याह्यांचं नाव घातलेली पेटी जागच्या जागी! मी तिथेच पेंढ्यावर बसले.

ओळखू तरी कशी येणार होती तिला? मुंबईला पाठवायचे आंबे कच्चेच भरतात, त्यांना वास नसतो. फटीतून पेंढा दिसतो आणि हिरवे आंबे दिसतात. तुमचे प्लॅस्टरचे आंबे तरी काय वेगळे दिसतात? एकावर तर तुम्ही मुद्दाम काळा डाग काढलात, का तर डागाशिवाय पेटी खरी वाटत नाही म्हणून. वजनाला खाली जांभे दगड. आणि मध्ये ते पितळी घड्याळ, लाल बल्ब, तांबड्या-निळ्या वायरी. कुणीही झाकण काढलं तर काय समजेल? सांगा ना, काय समजेल?

आणि ती खिट्टी! पेटी जमिनीवरून उचलली की खिट्टी निसटते आणि घड्याळ चालू होतं. एकदा निसटली की पेटी परत खाली ठेवून उपयोग नाही. तुम्ही ते मला किती कौतुकाने करून दाखवलं होतंत. शेवटी गजर होतो, तोही तुमच्या शाळेच्या घंटेसारखा. पण गजराचा काटा कुठे लावून ठेवलात, ते काही सांगितलं नाहीत. ते मी आता कुणाला विचारू?

मी तशीच स्टँडवर गेले. पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या, ते नंतर कळलं. चौकशीच्या खिडकीतला माणूस ओळखीचा निघाला, तुमचा विद्यार्थी. म्हणाला, "काय झालां वैनी? किती घाम सुटलाय! गाडी कधीच गेली. काय विसरलाव काय?"

त्याच्या डोक्यावरच पाटी होती. बेवारस वस्तूला हात लावू नका, ताबडतोब पोलिसांना कळवा. मी ती पाटी वाचत उभी राहिले. तो शब्द तोंडातून निघाला असता तर काय झालं असतं? गाडी रस्त्यात रिकामी केली असती. माझ्या पोरीला पोलिसांनी खाली उतरवलं असतं, आणि ती काय सांगणार होती बिचारी? मला माहीत नाही, आईने दिली?

म्हटलं, "पेटी बदलली हो. मंजूकडे दुसरीच गेली."

"मंग संगमेश्वरला उतरवून घ्यायला सांगतो की! परतीच्या गाडीनं येईल."

मला अजूनच धडकी भरली. ती पेटी संगमेश्वरच्या स्टँडात एकटी टिकटिकत बसणार? कुणी उघडली म्हणजे? मी जोरात म्हटलं, "नको नको! उतरवू नका. फक्त मंजूला निरोप द्या, पेटी मांडीवर घे आणि कुणाला उघडू देऊ नको."

"पेटीत काय हाय येवढं?"

"आंबे."

"मंग? मुंबईत काय आंब्यांचा दुष्काळ पडलाय काय?" पण फोन लावला त्याने. संगमेश्वरहून गाडी नुकतीच सुटली होती. मग चिपळूणला लावला. तिकडून कुणीतरी 'बरं, सांगतो' म्हणालं. सांगितलं की नाही, देव जाणे. हल्ली म्हणे सगळ्यांच्या खिशात मोबाईल असतो. जावयांच्या आहे, मंजूच्या नाही.

तेव्हापासून ही अशी बसल्ये.

तुमच्यामुळे मी आयुष्यभर घाबरतच आले, हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तांदूळ काढायला डब्यात हात घातला आणि हाताला पिस्तूल लागलं. लाकडी होतं, काळा रंग वाळायचा म्हणून तांदळात पुरलेलं, पण मला काय माहीत? मी शेजारी पळाले. तुम्ही शाळेतून आलात ते हसत हसतच. मग ती पातं निघणारी काठी, कॅमेरा बसवलेली सिगारेटची डबी, पोकळ टाचेचा बूट. माणूस शाळेत पोरांना आंब्याचं पान काढायला शिकवतो आणि घरी येऊन बुटाच्या टाचा पोकळ करतो! कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं का?

आणि हे सगळं कशासाठी? तर लहानपणी राजापूरला तंबूत बघितलेल्या एका सिनेमासाठी. त्यातला गुप्तहेर काय काय वापरायचा, ते थिएटराच्या दारात लावतात तसल्या एका जुन्या शो-कार्डावरून आणि तुमच्या आठवणीवरून तुम्ही एकेक करून घडवत राहिलात. तो सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही, मी तो पाहिला नाही, पण त्याचा शेवट मला पाठ आहे. अधिकाऱ्याच्या घरी सफरचंदांची पेटी येते, कुणीतरी ती उचलतं, आत घड्याळ चालू होतं, आणि नायक पेटी छातीशी धरून समुद्राकडे पळत सुटतो. सफरचंदं आपल्याकडे कुठली, म्हणून तुम्ही हापूस केलेत. घड्याळ मात्र त्याच सिनेमातलं, खरंखुरं, असं तुम्ही शपथेवर सांगायचात. ते विकणाऱ्या मुंबईच्या जुन्या बाजारातल्या माणसाने तुम्हाला सांगितलं आणि तुम्हाला पटलं. मला कधी पटलं नाही. ते धड चालायचंही नाही. टक, टक, मग जरा अडल्यासारखं, मग टक. तुमच्या खोलीतून रोज ते ऐकू यायचं आणि मी म्हणायची, बंद करा हो ते, छातीत धडधडतं.

फोन वाजला. थांबा.

विहीणबाई होत्या. "मंजू निघाली ना? आणि आंबे पाठवलेत ना? इथे सगळे वाट बघतायत."

"पाठवलेत," म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? "पोचल्या पोचल्या उघडतोच," म्हणाल्या. व्याह्यांना मागच्या वर्षी हृदयाचा त्रास होऊन गेलाय, विसरलात का? मी तुटक तुटक 'हो, हो' म्हणत राहिले. त्यांना वाटलं, तुमची आठवण येऊन गळा दाटलाय. समजुतीचं बोलल्या बिचाऱ्या.

पेटीची भीती आहेच. पण खरी भीती निराळीच आहे, ती तुम्हालाच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मंजू रडली नाही. टिपूससुद्धा नाही. आल्यागेल्यांचा चहा, भटजी, माझी औषधं, सगळं तिने बघितलं. लोक म्हणाले, पोरगी धीराची. मला ते बघवत नव्हतं. या चार दिवसांतही तिने तुमच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. मीच म्हटलं, भंगारवाल्याला बोलावून खोली रिकामी करते, तर म्हणाली, "कर." एवढंच. जी पोर तुमची काठी घेऊन अंगणभर गुप्तहेर होऊन फिरायची, ती. असं आत दाबून ठेवलेलं माणूस रस्त्यात घाबरलं तर काय होईल तिचं? तिला सावरायला कोण आहे तिथे?

पुन्हा फोन.

मंजूचाच! अहो, मंजूचाच होता. महाड स्टँडवरच्या बूथवरून. थांबा, सगळं लिहिते.

मी आधी ओरडलेच, "बरी आहेस ना गो?"

"अगो आई, हो. निरोप मिळाला चिपळूणला. पण मला त्याच्या आधीच कळलं होतं. हातखंब्याला."

"कसं?"

"आवाज आला ना. टक, टक, मग अडल्यासारखं. मला वाटलं गाडीचंच काहीतरी. मग पेटीला कान लावला."

शेजारच्या म्हातारीने विचारलं म्हणे, "बाय माझे, तुझ्या पेटीत काय वाजतां?" मंजू म्हणाली, "माझ्या बाबांचं घड्याळ आहे. बाबा वारले." म्हातारीने आपली शाल घडी करून पेटीखाली दिली, खड्ड्यात गाडी आदळली तर घड्याळाला धक्का बसू नये म्हणून.

आणि कशेडीच्या घाटात गजर झाला.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बायका किंचाळल्या, माणसं दाराशी चेंगरली, सगळी गाडी रस्त्यावर रिकामी. कंडक्टर लांबून ओरडत होता, "ताई, ती पेटी टाका! टाका आधी खाली!" मंजूने टाकली नाही. छातीशी धरून उतरली, कठड्यापाशी गेली, ड्रायव्हरकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि सगळ्यांसमोर फळ्या काढल्या. प्लॅस्टरचे आंबे एकेक करून बाहेर ठेवले. कंडक्टरने डागाळलेला उचलून दगडावर आपटून बघितला, तो फुटला. बाकीचे शाबूत आहेत. लाल बल्ब काही लागला नाही, सेल संपले असणार.

"पण गजर वाजतच होता गो आई," मंजू म्हणाली. "बंद करायची कळ मला माहीत आहे. लहानपणी मीच बंद करायची ना. कंडक्टर सारखा म्हणत होता, बंद करा, बंद करा."

"मग केलास?"



"नाही केला. चावी बाबांनी दिलेली होती. ती संपेपर्यंत वाजू दिला. सगळी माणसं रस्त्यात उभी राहिली होती, कुणी गाडीत चढलं नाही. कंडक्टरपण गप्प झाला. मग आवाज बारीक बारीक होत गेला आणि थांबला. आणि आई, मग मी इतकी रडले, इतकी रडले…"

आणि ती फोनवरच पुन्हा हमसून रडायला लागली. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. बूथवाला काहीतरी बोलत होता, त्याला म्हणावं, थांब जरा.

अहो, तुमच्या हाताने दिलेली चावी इतके दिवस त्या पेटीत तशीच भरलेली होती, आणि मी रोज त्या खोलीत आंबे फिरवत होते. मला कळलंही नाही. आता ती संपली. मंजू सुखरूप आहे, तरी मला सकाळपेक्षा जास्त भीती वाटत्ये. घरात कुठेच टकटक नाही, याची.

व्याह्यांची खरी पेटी उद्या जाईल, आणि दाराबाहेर काढण्याआधी मी ती दोन्ही डोळ्यांनी बघेन. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगणार आहे. मंजू गणपतीत घड्याळ घेऊन येईल, फुटलेला आंबा आम्हा दोघींना जमेल तसा जोडू. तुमच्याइतका हुबेहूब होणार नाही, तेवढं चालवून घ्या. आणि त्यानंतर रोज घड्याळाला चावी मी देईन. गजर लावीन. दचकेन, छातीत धडधडेल, तुम्हाला चार शब्द सुनावीनही. पण वचन देते, बंद मात्र करणार नाही.

तुमची,
दोन वेगवेगळ्या चपलांत स्टँडवर जाऊन आलेली,
शैला