उजव्या चाकाची घरघर

४ फेब्रुवारी
गाडी गुणगुणायला लागलीय! वेग चाळीसच्या वर गेला की घुंऽऽ. क्लच दाबला तरी तेच. म्हणजे इंजिन नव्हे, चाकाकडचंच काहीतरी.
ह्यांना शेजारी बसवून एक फेरी मारली. म्हणे, "कुठला आवाज?" बावीस वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस, एक नट ढिला झाला तरी कान टवकारणारा — आणि कुठला आवाज! वर मलाच हसले.

६ फेब्रुवारी
नणंदेला घेऊन गेले. मुद्दाम काही बोलले नाही. मोठा रस्ता लागला मात्र, "वहिनी, विमान चाललंय का गं वरून?"
हुश्श! माझं डोकं ठिकाणावर आहे.

७ फेब्रुवारी
मोकळ्या पटांगणात नागमोडी चालवून पाहिली. डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर येतो — तेव्हा आवाज वाढतो. उजवीकडे वळवली की जवळजवळ गप्प. रस्ता गुळगुळीत असो की खडबडीत, सूर तोच. म्हणून टायर नसावा. उजव्या बाजूचं बेअरिंग! ही युक्ती ह्यांनीच शिकवलेली, लग्नानंतरच्या वर्षी.
संध्याकाळी सांगायला गेले तर पाठमोरे होते. तीनदा सांगावं लागलं. "रविवारी बघू."

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दारातच गाडी उचलली. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, जॅकशेजारी स्टँड — ह्यांचं काम नेहमीसारखं नेटकं. पुढचं उजवं चाक वर-खाली धरून हलवलं. किंचित खेळ होता, चाक ढिलं लागत होतं. मग गाडी न्यूट्रलला टाकून चाक फिरवलं.
घर्रर्र! जात्यात खडे पडल्यासारखं. मी दोन पावलं लांब, तरी स्पष्ट. हे चाकाला नाक लावून बसलेले. चेहऱ्यावर काही नाही!
"ऐकलंत ना?"
हे आणखी पुढे वाकले. आतल्या स्प्रिंगवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने चाक पुन्हा फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाले, "खरखर लागतेय हाताला. बेअरिंग गेलंय. तुझं बरोबर."
डावं चाकही तसंच फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं.
हात धुवायला म्हणून गेले ते किती तरी वेळ नळ सोडून उभे होते. मी आत गेले नाही. काय विचारणार होते?

१० फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं. "मळ असेल." विषय संपला. हे बसवर गेले. मी दिवसभर घड्याळ बघत बसले.

१२ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याने बेअरिंग बदललं. जुनं हातात दिलं — फिरवलं की बोटांना अडखळल्यासारखं होतं.
येताना हे चालवत होते. पन्नासचा वेग. गाडीत अगदी शांत. मग रस्त्यावरची नजर न काढता, हळूच —
"गेला का गं आवाज?"
"गेला," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

१३ फेब्रुवारी
हे दुपारीच घरी आले. शाळेत बसची किल्ली देऊन आले, आपण होऊन! म्हणाले, "गेल्या महिन्यात एक मुलगी बसच्या मागे होती. बाई ओरडत होत्या म्हणे. मी रिव्हर्स घेत होतो. काचेवर कुणीतरी हात आपटला, म्हणून थांबलो."
उद्या दहाला कानाच्या डॉक्टरांकडे. गाडी मी चालवणार.