बत्तीस अक्षरांची मजुरी

शके १७१६, श्रावण शुद्ध पंचमी
आजपासून स्वतःपुरती रोजनिशी. आम्हा तांबटांच्या घरात अक्षर शिकलेली मी पहिली. बाबांनी पंतोजींना एक घंगाळ घडवून दिलं, त्या बदल्यात. घंगाळ गळतं असं पंतोजी म्हणतात. माझी विद्या मात्र पक्की आहे.
कागदीपुऱ्यातले युसूफमियाँ कागद विकतात, पोथ्याही उतरवून देतात. त्यांनी माधवभट वैद्यांची सुजेवरच्या औषधांची पोथी मला घरी नक्कल करायला दिली. बत्तीस अक्षरं म्हणजे एक ग्रंथ. ग्रंथ मोजून मजुरी. म्हटलं, मजुरीचं मला काही नाही. शेवटच्या पानावर माझं नाव घाला, म्हणजे झालं. म्हणाले, बेटी, आधी काम तर बघू.

श्रावण शुद्ध त्रयोदशी
भाकरी दोनदा करपली. डोक्यात पोथी.
माधवभट फार तुटक लिहितात. ‘सुंठ उगाळून घ्यावी.’ रोग्याला धीर नको? मी लिहिलं, ‘सुंठ, जी बाजारात मिळते व जिचे गुण थोर आहेत, ती सावकाश, मन लावून उगाळून घ्यावी.’ केवळ लोककल्याण.

श्रावण वद्य पंचमी
माधवभटांनी झालेली पानं पाहिली. म्हणाले, अहो मियाँ, सुजेवरची पोथी दिली होती, तिलाच सूज आली की.
सगळं पुन्हा लिहायचं. आता मजुरी पानावर.

श्रावण वद्य द्वादशी
अक्षर जरा मोठं काढते आहे. म्हाताऱ्या रोग्यांच्या डोळ्यांसाठी. बाबांना वाचता येत नाही, तरी डोकावून म्हणाले, तुळजे, पानावर तीन म्हशी बसल्यात, चौथीला जागा ठेवलीस का?

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा
युसूफमियाँना म्हशी आवडल्या नाहीत. आता उक्तं काम: पुरी पोथी, एकच रक्कम. बरं झालं. मोजण्याची कटकट गेली. आता फक्त विद्या.

भाद्रपद शुद्ध षष्ठी
पोथी पुरी! पाच दिवसांत! पथ्यं तेवढी गाळली. नाहीतरी पाळतं कोण?

भाद्रपद शुद्ध दशमी
माधवभटांनी पोथी चाळली. मग म्हणाले, पथ्यं मी स्वतः लिहीन. हिचं नाव मात्र शेवटी घालाच. गुण आला नाही तर कोणाचं दार ठोठावायचं, ते लोकांना कळू दे.
पुढची पोथी दुसऱ्याकडे गेली.
युसूफमियाँनी शेवटचं पान पुढे सरकवलं. नाव वळणदार आलं. तुळजा.
मजुरीचं मला काही नाही.
तीनच अक्षरं. ग्रंथाला एकोणतीस कमी.