इलिंकाचं दूध

वाल्या-नुकुलुई, ६ मार्च २००३

ती. आईस,
सा. न. आम्ही आहोत तसे आहोत, तू मात्र बरी अस.

नात झाली ते फोनवर कळलंच असेल. नाव इलिंका. नाक थेट सान्दूचं, बाकी रूप चांगलं आहे. जन्मल्या दिवशीच तिला काविळीची लस दिली. दुसऱ्या मांडीत आणखी एक इंजेक्शन दिलं, ते डॉक्टरीणबाईंनी किशिनेवहून आधीच मागवून ठेवलं होतं. माझ्या रक्तात 'बी' कावीळ आहे हे गरोदरपणीच कळलं होतं, पण बाईंनी स्वच्छ सांगितलं की बाळाला टोचून झालंय, आता खुशाल अंगावर पाज.

घरी आल्यावर सासूबाईंनी मूल माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, नासक्या रक्ताचं दूध नासकंच असणार, माझ्या घरात हे विष चालायचं नाही. इलिंकाला शेळीचं दूध पाणी घालून देतात. माझे ताट-चमचेही वेगळे केलेत. सान्दू म्हणतो, आईशी कोण वाद घालणार? वर मलाच विचारतो, तुझं दूध काढून उकळलं तर? मी हसले, मग रडले. छाती दगडासारखी झाली आहे. गोठ्यामागे जाऊन दूध पिळून टाकते. ती आत रडते आणि माझा सदरा भिजतो. आई, मी फार दमले गं.

तुझ्या मायेवर तगून असलेली,
अग्लाया

पादोवा, १६ मार्च २००३

चि. अग्लायास,
पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आज गावाकडून आलेल्या ग्रिशाच्या गाडीतून हाती पडलं. बागेत बाकावर बसून दोनदा वाचलं.

मी सांभाळते त्या म्हाताऱ्या सिन्योरांचा, म्हणजे मालकीणबाईंचा, डॉक्टर आला तेव्हा त्याला विचारलं. माझं इटालियन ऐकून आधी त्याला वाटलं कावीळ मलाच झाली आहे. कळल्यावर मात्र तुझ्या बाईंचंच सांगणं त्याने पुन्हा सांगितलं. बाळाला लस वेळेवर मिळाली असेल तर आईच्या दुधाने काही होत नाही, पुढचे डोस तेवढे चुकवायचे नाहीत. स्तनाला चीर पडून रक्त आलं तर त्या बाजूचं दूध बरं होईपर्यंत पिळून टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने पाजायचं. शेळीच्या दुधाचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. ते आधी बंद कर, बाई. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, असंही म्हणाला.

मी निघून आले असते गं, पण कागद नाहीत. एकदा सीमा ओलांडली की परत इथे येणं नाही, आणि तुझ्या भावाचं शिक्षण अजून अर्ध्यात आहे. इथे मी परक्या आईला चमच्याने भरवते आणि तिकडे तुला स्वतःच्या लेकीला पाजता येत नाही. तुझ्या सासूबाईंशी, प्रोफिराबाईंशी, भांडू नकोस. त्या वाईट नाहीत, घाबरल्या आहेत. त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे ने.

इथूनच तुझी पाठ चेपणारी,
आई

वाल्या-नुकुलुई, २० एप्रिल २००३

ती. आईस,
सा. न. उशीर झाला, रागावू नकोस.

तुझं पत्र येण्याआधीच इलिंकाला जुलाब लागले. डोळे खोल गेले, रडायचाही आवाज निघेना. तेव्हा सान्दू पहिल्यांदा आईवर ओरडला आणि आम्ही दवाखान्यात धावलो. तिथे सलाइन लावलं. ती जरा सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या छातीशी धरलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, आता समोर बसून बघा. दूध जवळजवळ आटलं होतं. पुन्हा यायला फार दिवस गेले. एका बाजूला चीर पडली, तेव्हा तुझ्या डॉक्टराने सांगितलं तसंच केलं. आता तिचे गाल भरलेत.

मग घरादाराचं रक्त तपासलं. सान्दूला काही नाही, त्याला लस सुरू केली. सासूबाईंना मात्र आहे. किती वर्षांपासून, कोण जाणे. मनात माझ्या आलं होतं, बरी जिरली. पण त्या अंगणात सरपणावर बसून राहिल्या, त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवसापासून त्या बाळाजवळ फिरकेनात.

काल दुपारी माझे हात गळून गेले होते. मी इलिंकाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तोंड फिरवलं, आपला श्वास लागेल म्हणून. मी सांगितलं की हे श्वासाने, हाताने, पाप्याने लागत नाही. मग त्या म्हणाल्या, मी सान्दूला दोन वर्षांचा होईपर्यंत पाजलं होतं. मी म्हटलं, आणि त्याला काही नाही. त्यांनी डोक्याच्या रुमालाने नाक पुसलं आणि मला दटावलं, जा, नीज जरा, तोंड बघ कसं झालंय.

मी मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा सासूबाई खाटेच्या कडेला बसून माझ्या सदऱ्याची बटणं काढत होत्या. बाळ भुकेलंय, तू उठू नकोस, असं म्हणून त्यांनी तिला माझ्याशी नीट लावून दिलं आणि ती पिते आहे ना हे वाकून बघत राहिल्या.

आता इलिंकाचीच हाक आली आहे, म्हणून थांबते. आम्हा तिघींवर जीव असू दे.

तुझी,
अग्लाया