बुजगावण्याचे दात

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र उघडलं असेल, तर निम्मी लढाई मी जिंकले. न ओळखता उघडलं असेल, तर आता नजर खालच्या सहीकडे जाईल आणि पुढचं तुमच्या हातात. चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. दादाशी माझं बोलणं तुमच्या लग्नाच्या दिवशी दुपारी थांबलं, ते थांबलंच. ते पुन्हा सुरू व्हावं असं मला फार वाटतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून ‘एवढ्या गप्पा मारल्या त्या यासाठी होय’ असं नको व्हायला. पत्रास कारण की, असं म्हणून सरळ मुद्द्यावर यायची रीत आहे, ठाऊक आहे मला. पण कारण मी शेवटी लिहिणार. ते लिहायचा धीर गोळा होईपर्यंत मुलांच्या सहलींची हकीकत सांगून होईल, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवणारही नाही. या पानगळीत आमच्या घरात नुसता धुमाकूळ चाललाय.

तुम्ही पाहिलंत तेव्हा मोठी तीन वर्षांची होती आणि धाकटा अंगाला चिकटलेलं गाठोडं होता. आता ती सातची, तो चारचा. तिला आम्ही कात्री म्हणतो. का, ते पुढे कळेलच. तो भोंगा. हळू बोलणं ही सोय त्याच्या शरीरात बसवायचीच राहून गेली आहे. आमचे हे अजून बसगाड्यांची वेळापत्रकं करतात आणि रविवार आला की घराचंही करतात. या खेपेला फ्रिजवर लावलेला कागद असा होता: नऊ चाळीस, घर सोडणे. नऊ बेचाळीस, भोंग्याला शू लागल्यानं परत येणे. दहा पाच, पहिलं भांडण. भांडण दहालाच झालं तर यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेआधी पोचल्याचं समाधान दिसतं. हसू नका, मी या माणसाबरोबर अकरा वर्षं वेळेवर संसार केलाय.

पहिल्या रविवारी आम्ही पानं गोळा करायला मोठ्या बागेत गेलो. कात्रीला शाळेत पाच रंगांची पानं न्यायची होती. ती प्रत्येक पान उन्हात धरून बघायची आणि ‘हे आजारी आहे’, ‘हे नुसतंच म्हातारं आहे’ असे निकाल देत पुढे जायची. भोंगा कुठे दिसेना. दिसला तेव्हा तो एका झाडाशी उभा, हातात माझ्या पिशवीतली चिकटपट्टी, आणि पडलेली पानं परत फांदीला चिकटवण्यात दंग. सात लावून झाली होती. तेवढ्यात बागेचा राखणदार काठी आपटत आला. आता आपली वरात निघणार असं मी धरून चालले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, पडलेली पानं उचलायला इथं चार माणसं पगारावर आहेत, परत लावणारा हा पहिलाच आला. मग काठी बगलेत धरून त्यानं चिकटपट्टीचं रीळ स्वतःच्या हातात घेतलं. आठवं आणि नववं पान दोघांनी मिळून लावलं. आमचे हे घड्याळाकडे बघत होते.

दुसरा रविवार सफरचंदांच्या बागेचा. मोठी बाग, लाकडी कुंपण, दारात टोपल्या रचलेल्या, आणि मालकीणबाई अशी की तिच्या एका हाकेनं पिकलेली फळं आपणहून खाली यावीत. दहाबारा कुटुंबं होती. तासाभरानं तिनं सगळ्यांना एका झाडाखाली बोलावलं. खालच्या फांद्यांवर सतरा सफरचंदं देठाला तशीच लटकत होती, आणि प्रत्येकाला एकेक चावा. कुणाचं काम, असं तिनं विचारलं. सगळे आईबाप आपापल्या पोरांच्या वतीनं शपथा घ्यायला लागले. वहिनी, तुम्हाला आठवत असेल, मी कवळ्या बनवते. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी त्याचा चावा बघते. भोंग्याचा वरचा एक दात महिन्यापूर्वी जिन्यावरून पडून गेलाय. सतराच्या सतरा चाव्यांत नेमक्या त्या जागी सालीची एक उभी पट्टी शाबूत होती. गप्प बसायला काय जात होतं माझं? कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण धंद्याचा अभिमान वाईट. मी पुढे झाले, पट्टीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की हा चावा माझ्याच मुलाचा कसा आहे. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. भोंग्याला विचारलं, तर तो पार कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला की तो आंबट सफरचंद शोधत होता, पण सगळीच गोड निघाली, त्याला तो काय करणार.

मालकीणबाईनं शिक्षा लगेच सुनावली. चावलेल्या फळांवर पाखरं येतात, तेव्हा पुढच्या रविवारी तुमच्या घरानं एक बुजगावणं करून आणायचं. त्या दिवशी तिथं बुजगावण्यांची चढाओढच असते, पोरं आपापली करून आणतात आणि कुंपणाशी रांगेनं उभी करतात. शिक्षा ऐकून आमची दोघं आनंदानं नाचायला लागली. यालाच बहुधा संस्कार म्हणतात.

आता बुजगावणं कुणाचं करायचं यावरून घरात तीन पक्ष पडले. कात्रीला तिच्या गणिताच्या बाई हव्या होत्या. यांना बसमधला तिकीट तपासनीस हवा होता, त्याला सगळे घाबरतात म्हणे. आणि भोंग्यानं माझ्या खणातून एक फोटो आणून टेबलावर ठेवला. फोटोत दादा हसतोय, तोंडभर, डोळे मिटून. हा कोण, म्हणाला. मी म्हटलं, मामा. हा येत का नाही? मी म्हटलं, कामात असतो. कात्रीनं मान वर न करता विचारलं, जन्मल्यापासून? भोंग्यानं थोडा विचार केला आणि निकाल दिला, ‘येत नाही ना, मग आपण करू या.’ लोक एकमेकांना मामा बनवतात ते वेगळं, आम्ही खरोखरीचा बनवायला घेतला. यांचा जुना कोट, पेंढा, फुटक्या छत्रीच्या काड्या, आणि दादाच्या चष्म्यांच्या दुकानात शोभेल अशी बिनकाचांची एक फ्रेम. सगळं झालं, पण तो दादा काही होईना. कोट घातलेल्या कुठल्याही माणसासारखा तो दिसायला लागला.

मग मी दात केले. दुसऱ्या दिवशी कामावर मधल्या सुट्टीत मेण घेतलं आणि बसले. फोटोत पुढचे चार दात दिसतात, पण मला फोटो लागलाच नाही. वरच्या दोन दातांतली फट, उजवीकडचा सुळा जरा वर चढलेला, आणि लहानपणी माझ्याच फेकलेल्या दगडानं टवका उडालेला तो एक. हात आपोआप करत गेले. रंगात न जुळल्यामुळे बाजूला पडलेले दात निवडले, गुलाबी हिरड्या ओतल्या, घासून चकचकीत केलं. आमचे डॉक्टर खांद्यावरून बघत होते. कुठला पेशंट, म्हणाले. मी म्हटलं, ओळखीचा आहे, हल्ली येत नाही. घरी आणून ते पेंढ्याच्या तोंडात बसवले, आणि वहिनी, स्वयंपाकघरात दादा उभा राहिला. मुलं किंचाळली. मी पाणी प्यायला म्हणून नळाशी गेले.

काल तो रविवार होता. कुंपणाशी तेरा बुजगावणी, पण गर्दी आमच्यापुढे. पेंढ्याच्या चेहऱ्यात खरे दात हसताना बघून धीट पोरं आईच्या मागे लपत होती आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघायला येत होती. मालकीणबाई म्हणाली, पाखरांचं राहू दे, माझा कुत्राच सकाळपासून त्या बाजूला फिरकलेला नाही. पहिलं बक्षीस आम्हाला: बिनचावलेल्या सफरचंदांची टोपली, आणि भोंग्यापासून लांब ठेवावी अशी सूचना. भोंगा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होता की हा आमचा मामा आहे. लोक माझ्याकडे बघत होते. दादाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यावर रागवायला त्याला नवीन कारण लागत असेल, तर हे चांगलं आहे.

इथं थांबता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण आमच्या शेजारी एक मुलगा उभा होता, आठएक वर्षांचा, बरोबर मोठं कुणी नाही. झाडूची काठी, त्यावर मोठ्या माणसाचा एक जुना स्वेटर, डोकं म्हणून कागदी पिशवी, त्यावर पेनानं काढलेले डोळे. सगळं एकट्यानं केलेलं, कळत होतं. कात्रीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चांगलं खणखणीत म्हणाली, ‘याला बघून पाखरं घाबरणार नाहीत. दया येऊन तीच याला दाणे आणून देतील.’

सगळे हसले. वाक्यच तसं होतं, अगदी नेमकं. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. कात्रीनं हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसून तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. तो मुलगा रडला नाही. त्यानं काठी जमिनीतून उपटली, स्वेटरची बाही चिखलाला लागणार नाही अशी गुंडाळून धरली आणि सगळं खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर गेला. आमचे हे त्याच्याकडे बघत होते. मग मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, ‘चार वर्षांपूर्वीही असेच हसले होते सगळे.’ हा माणूस वर्षातून एकदा असं काहीतरी बोलतो, आणि ते नेमकं वेळेवर असतं.

घरी आल्यावर मी कात्रीला समोर बसवलं आणि सांगितलं की त्या मुलाची माफी मागायची. तिनं हुज्जत घातली नाही, हेच नवल. ती खरोखरच विचारात पडली होती. मग म्हणाली, ‘पण माफी कशी मागतात ते मला येत नाही. तू मागताना मी कधी बघितलंच नाही.’ वहिनी, मला लागलीच उत्तर सुचत नाही असं माझ्या आयुष्यात दोनदा झालं. हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तुमच्या लग्नाच्या जेवणात, तुम्ही हातातला पेला पाणी न सांडता टेबलावर ठेवलात आणि आत गेलात तेव्हा. दादानं जन्मभर दुसऱ्यांना कोऱ्या फ्रेमा विकल्या आणि स्वतःची वेळ आली तेव्हा वापरलेली घेऊन आला, असं मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हटलं. तुमचे पहिले यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लोक हसले, मीही हसले. दादा मला एवढंच म्हणाला होता की माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळे कौतुकानं सांगायचे, चूक त्यांचीच. तेव्हापासून मी सगळीकडे सांगत आले की गंमत केली, त्यांना चेष्टा कळत नाही. तुम्हाला ती पुरेपूर कळली होती. ती चेष्टा नव्हतीच. एका माणसाबरोबर तुम्ही प्रेमानं जगलात आणि त्याला गमावलंत, त्याची मी वस्तू केली, आणि तुमचीही. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा. कराच, असं म्हणायचा हक्क मला नाही. या पत्राचं कारण हे, आणि ते लिहायला मला सात वर्षांच्या मुलीनं बसवलं. ती समोरच बसली आहे. मालकीणबाईंना फोन करून त्या मुलाचा पत्ता तिनं स्वतः मिळवलाय, तो बसनं दोन थांब्यांवर राहतो. त्यानं माफ नाही केलं तर, असं तिनं मघाशी विचारलं, आणि मी म्हटलं, तरी मागायची असते. त्यावर तिनं अट घातली आहे: आधी मी माझं पत्र पेटीत टाकायचं, तिच्या डोळ्यांदेखत, मग ती जाईल. बूट घालून झालेत तिचे, कधीचे. थांबते.

अजूनही म्हणू द्याल तर, तुमचीच
नणंद